घरी येतं, मग पेपरात का आठवत नाही?

फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "घरी सगळं येत होतं, पेपर हातात आला आणि डोकं रिकामं झालं." मोठी माणसं म्हणतात, अभ्यास कमी पडला. मूल म्हणतं, केला होता, देवाशप्पथ केला होता. मी बरीच वर्षं दहावीच्या वर्गाला शिकवते, आणि माझं मत असं की अशा वेळी बहुतेक मुलं खरं बोलत असतात. अभ्यास झालेला असतो आणि पेपरात आठवतही नाही. असं का होतं ते समजलं, तर परीक्षेतला आत्मविश्वास कशानं येतो हेही समजतं. भाषणं आणि सुविचार ऐकून तो का टिकत नाही, तेही.

डोकं रिकामं होतं म्हणजे काय होतं

आपल्या स्वयंपाकघराचा विचार करा. वर्षभराचं धान्य, मसाले, डाळी फडताळात आणि डब्यांत असतात. स्वयंपाक मात्र ओट्यावर होतो, आणि ओटा लहान असतो. एका वेळी तिथे परात, पोळपाट, चिरलेली भाजी एवढंच मावतं. डोक्याचंही असंच आहे. वर्षभर शिकलेलं सगळं आत कुठेतरी साठवलेलं असतं, पण उत्तर लिहिताना त्यातलं हवं ते काढून एका छोट्या जागेवर मांडावं लागतं. या जागेला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिचं आजही वापरलं जाणारं वर्णन मांडलं. तिच्यावर एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट राहतात, असं पुढच्या संशोधनातून दिसलं. आपण तिला ओटाच म्हणू.

आता एक वर्गसमीकरण घ्या: क्षचा वर्ग वजा ७क्ष अधिक १२ बरोबर शून्य. ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७ होते असे दोन अंक शोधायचे, ते ३ आणि ४ आहेत हे धरून ठेवायचं, चिन्हं ऋण घ्यायची हे विसरायचं नाही, आणि प्रश्नात नेमकं काय विचारलंय तेही लक्षात ठेवायचं. एवढ्यातच ओटा भरला. त्यावर जर "हे नाही आलं तर?", "बाबा काय म्हणतील?", "पुढच्या बाकावरची पुरवणी मागतेय, माझं अजून पहिलंच पान" असे विचार येऊन बसले, तर ३ आणि ४ ठेवायला जागा कुठून राहणार? काळजीचा प्रत्येक विचार जागा खातो. फडताळातलं धान्य संपलेलं नसतं. म्हणूनच शाळेच्या गेटबाहेर पाय ठेवला की उत्तर लख्ख आठवतं. तोवर ओटा मोकळा झालेला असतो.

शरीरही यात भर घालतं. फार ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं आणि साठवलेलं बाहेर काढण्याची क्रियाच काही काळ मंदावते. हात गार पडणं, पोटात गोळा येणं, छाती धडधडणं हे सगळं त्याच वेळी चालू असतं.

मग भीती अजिबात नकोच का? तसं नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की काम सोपं असेल तर जास्त ताणातही ते शिकता येतं, पण अवघड असेल तर तेवढाच ताण ते बिघडवतो. माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही, पण दिशा उपयोगी आहे. ताण कमी करणं आपल्या हातात कमी असतं, काम सोपं करणं बरंच हातात असतं. जे शंभरदा हाताखालून गेलंय ते सोपं होतं, आणि सोप्या झालेल्या गोष्टीला ओट्यावर जागाही कमी लागते.

आत्मविश्वास नेमका कशावर ठेवायचा?

"मी हुशार आहे" हा विश्वास परीक्षेत फारसा कामाचा नाही, कारण पहिल्या अवघड प्रश्नालाच तो खोटा वाटू लागतो. "दोन चलांतली रेषीय समीकरणं मला सोडवता येतात" हा विश्वास कामाचा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये हा फरक स्पष्ट केला. एखादं ठरावीक काम आपल्याला जमेल असं वाटणं, याला त्यांनी वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला स्वक्षमता म्हणता येईल.

ही स्वक्षमता चार वाटांनी येते, असं त्यांनी मांडलं. ते काम आपण स्वतः आधी केलेलं असणं. आपल्यासारख्याच कुणीतरी ते केल्याचं पाहणं. कुणीतरी "तुला जमेल" म्हणणं. आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण काय अर्थ लावतो ते. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. घरातली मोठी माणसं आपली सगळी ताकद तिसऱ्या वाटेवर लावतात, "तू करशील रे, घाबरू नको" असं शंभर वेळा सांगतात. त्यामागची माया खोटी नसते. पण मुलाच्या मनात त्याला आधार द्यायला "हो, परवा मी हे सोडवलं होतं" अशी एखादी आठवण नसेल, तर ते शब्द वर्गाच्या दारापर्यंतच पुरतात.

म्हणजे आत्मविश्वासाला पुरावा लागतो, आणि तो पुरावा ज्याचा त्यानंच तयार करायचा असतो.

वाचताना येतंय असं वाटतं, तेच फसवं

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचन. पुस्तक उघडायचं, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवायचा, धडा तीनदा वाचायचा. तिसऱ्या वेळी सगळं ओळखीचं वाटतं आणि मुलाला वाटतं, झालं पाठ.

दहावीच्या विज्ञानातलं होपचं उपकरण घ्या. पाण्याचं असंगत आचरण दाखवणारा हा प्रयोग. आकृती पाहिली, खालचं वर्णन वाचलं, कळलं. आता पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर काढा. पाण्याचं भांडं काढता येतं. बर्फ आणि मिठाचं मिश्रण वर असतं, खाली की मध्ये? मध्ये. तापमापी दोन, एक वर आणि एक खाली. आधी कोणत्या तापमापीचा पारा उतरतो? इथे बहुतेक मुलांची पेन्सिल थांबते. मग विचार सुरू होतो. मधलं पाणी थंड झालं, म्हणजे जड झालं, म्हणजे खाली गेलं, म्हणजे आधी खालची तापमापी उतरणार, ४ अंशांपर्यंत. त्यापुढे थंड झालं की पाणी प्रसरण पावतं, हलकं होतं, वर येतं. मग वरची तापमापी ० अंशांकडे जाते. ज्या मुलीची पेन्सिल थांबली आणि जिनं हे स्वतः जुळवलं, ती हा प्रश्न सहसा विसरत नाही. पेन्सिल थांबते तोच खरा अभ्यासाचा क्षण. वाचताना तो येतच नाही.

याचा एक चांगला पुरावा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना काही उतारे दिले. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं तो थोडा वेळ वाचला आणि नंतर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. नुसतं वाचून जो आत्मविश्वास येतो तो चुकीच्या जागी असतो. तो पेपरात मोडतो, आणि मग मूल स्वतःलाच दोष देतं.

मिटलेल्या पुस्तकाचा आणखी एक फायदा

पुस्तक मिटून आठवण्याच्या सरावामुळे जास्त लक्षात राहतं, हे झालंच. पण भीतीचं काय? २०१६ मध्ये ॲमी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. काही मुलांनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, काहींनी आठवून. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना ऐन वेळी लोकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून मुद्दाम ताण दिला. पाहून पाठ करणाऱ्यांना ताणाखाली कमी आठवलं. आठवून पाठ करणाऱ्यांवर त्या ताणाचा तसा परिणाम दिसला नाही.

म्हणून मी दहावीच्या पालकांना आवर्जून सांगते, की भीतीवरचा उपाय आणि अभ्यासाचा उपाय हे दोन वेगळे उपाय नाहीत. भीती घालवण्यासाठी वेगळी शिबिरं शोधण्याआधी मुलाचं पुस्तक मिटायला लावा.

करायचं कसं? धडा एकदा नीट समजून वाचायचा. मग मिटायचा आणि आठवेल ते कागदावर उतरवायचं, मोडकं-तोडकं का होईना. मग लगेच पुस्तक उघडून काय राहिलं ते वेगळ्या रंगानं भरायचं. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर, आठवड्यानं पुन्हा. हे कागद फेकायचे नाहीत. पहिल्या कागदावर लालच लाल दिसतं, तिसऱ्यावर दोन-तीन ओळी. हाच तो पुरावा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा आला की हे कागद समोर ठेवायचे.

आणि निदान काही विषयांचे जुने पेपर खऱ्या परीक्षेसारखे सोडवायचे. म्हणजे सकाळी ११ वाजता टेबलाशी बसून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, मध्ये न उठता, पेनानं लिहून. तीन तास हात चालवायची सवय नसेल तर दोन तासांनी मनगट भरून येतं आणि शेवटचे प्रश्न राहून जातात. हे प्रिलिममध्येच कळलेलं बरं. शाळेतली सराव परीक्षा अनेक मुलं "तिचे मार्क कुठे धरतात" म्हणून हलकी घेतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

"एवढा वेळ कुठे आहे?"

आठवून लिहायला वाचण्यापेक्षा वेळ लागतो, हे खरं आहे. पण तीनदा वाचण्याऐवजी एकदा वाचून दोनदा आठवलं, तर एकूण वेळ जवळपास तेवढाच जातो. कंटाळा मात्र जास्त येतो, कारण यात कष्ट जाणवतात. वाचताना ते जाणवत नाहीत म्हणून वाचन आवडतं.

चारच दिवस उरले असतील तर सगळा अभ्यासक्रम धरू नये. ज्या प्रकरणांवर हमखास प्रश्न येतात आणि जी अर्धी येतात, ती घ्यावीत. अजिबात न येणारं अवघड प्रकरण शेवटच्या रात्री उघडलं, तर हाती लागते ती फक्त घबराट.

"पुस्तक मिटल्यावर काहीच आलं नाही तर मूल खचणार नाही का?"

खचेल, जर तो कागद कुणी परीक्षा म्हणून तपासला तर. त्याला मार्क द्यायचे नाहीत, भावंडांशी तुलना करायची नाही, आणि "बघ, मी म्हणत होतो ना" हे तर अजिबात म्हणायचं नाही. सुरुवात अर्ध्या-पाऊण येणाऱ्या धड्यापासून करायची. पहिल्या दिवशी एक प्रश्न पूर्ण आला, तरी पहिली वीट बसली. ज्या मुलाला खरंच काही येत नाही, त्याला उत्तीर्ण होण्यापुरते ३५ गुण डोळ्यांसमोर ठेवून त्याला झेपतील ते प्रश्नप्रकार घोटून घ्यायला लावावेत. त्यांत तो तयार झाला की तो स्वतःहून पुढचं मागतो, हे मी वर्गात पाहिलंय.

अतिआत्मविश्वासाची भीतीही पालकांना वाटते. पुराव्यावर उभा असलेला विश्वास वाहवत जात नाही, कारण लाल शाईतल्या जागा त्याला माहीत असतात.

परीक्षेच्या दिवशी

इथून पुढे थेट पेपर देणाऱ्याशी बोलते. आदल्या रात्री झोप. दिवसभर वाचलेलं झोपेत घट्ट बसतं, त्यामुळे दोन वाजेपर्यंत जागून एक धडा मिळवशील आणि चार घालवशील.

केंद्रावर साडेदहापर्यंत पोहोचायचं असतं. गेटपाशी "तू हे केलंस का, हे येणार आहे म्हणे" अशी चर्चा चालू असते. तिच्यापासून लांब उभा राहा. त्या दहा मिनिटांत नवं काही शिकता येत नाही, ओटा मात्र भरतो.

भीती खूप वाटत असेल तर घरून निघण्याआधी कागदावर ती सरळ लिहून काढ. काय होईल असं वाटतंय, कुणाची भीती वाटतेय, सगळं. जेरार्डो रामिरेझ आणि शॉन बायलॉक यांचा याबद्दलचा अभ्यास २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. परीक्षेआधी दहा मिनिटं असं लिहिल्यानं फार घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारली. जी फारशी घाबरत नव्हती त्यांना विशेष फरक पडला नाही. म्हणजे हे सगळ्यांनी करायची गरज नाही, तुला लागत असेल तर कर. लिहून झाल्यावर कागद फाडून टाकलास तरी चालेल.

छाती धडधडली तर "शांत हो, शांत हो" असं स्वतःला दटावू नकोस. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांचं भाषण आणि गणित चांगलं झालं. धडधड दोन्हींत तीच असते. क्रिकेटची मॅच सुरू होण्याआधीही तुझं हृदय असंच उडतं, तेव्हा तू त्याला भीती म्हणत नाहीस.

हॉलमध्ये

पूर्वी राज्य मंडळाची प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची. पेपरफुटी आणि व्हॉट्सॲपवरच्या अफवा टाळण्यासाठी २०२३ पासून ती पद्धत बंद झाली आणि तीच दहा मिनिटं शेवटी वाढवून देण्यात आली. म्हणून तीन तासांचा पेपर ११ ते २ वाजून १० मिनिटांपर्यंत चालतो. याचा अर्थ पेपर वाचायचा वेळ आता तुला स्वतःच काढावा लागतो. पेपर मिळताच लिहायला सुटू नकोस. पहिली काही मिनिटं सगळा पेपर वाच आणि नक्की येणाऱ्या प्रश्नांवर मनातल्या मनात खूण कर. प्रश्नपत्रिकेवर प्रत्यक्ष काही लिहायचं नाही.

सुरुवात नक्की येणाऱ्या प्रश्नानं कर. पहिलं उत्तर पूर्ण झालं की हात सैल होतो. बँड्युरा यांची पहिली वाट इथेही चालते, पुरावा हॉलमध्येच तयार होतो.

८० गुण आणि १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. गणित किंवा विज्ञानाच्या ४० गुणांच्या पेपरला दोन तास असतात, तिथे एका गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या प्रश्नावर दहा मिनिटं गेली की समज, जास्तीची मिनिटं पुढच्या प्रश्नांतून उसनी घेतलीस.

आणि डोकं रिकामं झालंच तर? पेन खाली ठेव. श्वास आत घेतोस त्यापेक्षा सावकाश बाहेर सोड, चार-पाच वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचंच काम आहे, त्यासाठी वेगळी साधना लागत नाही. मग तो प्रश्न धरून बसू नकोस. जागा सोड, पुढचा घे, प्रश्नक्रमांक मात्र बिनचूक घाल. परत येशील तेव्हा कोपऱ्यात आकृती काढायला लाग किंवा त्या धड्यातला आठवणारा कुठलाही एक शब्द लिही. एक धागा सापडला की त्याच्या मागून दुसरा येतो. पूर्ण उत्तर एकदम आठवेल म्हणून वाट पाहत बसलास तर तेवढा वेळ ओट्यावर काळजीच साठते.

घरच्यांनी काय करावं

पेपर देऊन आल्यावर "कसा गेला?" एवढं विचारा आणि उत्तर काहीही आलं तरी जेवायला वाढा. प्रश्नपत्रिका घेऊन किती बरोबर, किती चूक याची मोजणी करू नका. झालेल्या पेपरातला एकही गुण त्यानं वाढत नाही, उद्याच्या पेपरचा ओटा मात्र आजच भरतो.

आणि पुढची वाट बंद होत नाही, हे मुलाला परीक्षेच्या आधीच, शांतपणे, एकदा सांगून ठेवा. गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन करता येतं. राहिलेल्या विषयांसाठी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. गुण कमी वाटले तर श्रेणी सुधारता येते. हे सांगितल्यानं मूल अभ्यास सोडून देईल असं काही पालकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. "नापास झालो तर सगळं संपलं" हा विचार ओट्यावरची सगळ्यात मोठी जागा अडवतो, आणि तो उठला की अभ्यासाला जागा होते.

कधीकधी भीती यापलीकडे जाते. रात्र-रात्र झोप नाही, जेवण तुटलं, परीक्षेचं नाव काढताच उलटी होते, मूल बोलेनासं झालंय किंवा जगण्याबद्दल निराशेचं काही बोललंय, असं असेल तर हा अभ्यासाचा प्रश्न राहत नाही आणि वेळापत्रकानं तो सुटत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतूनही बोलता येतं. मूल स्वतः फोन करू शकतं, आणि काय बोलावं हे न कळणारे आईवडीलही.